बाजारामागच्या पायऱ्या

"बाजाराच्या मागून पायऱ्या आहेत की," नवरा म्हणाला. तो संत्रं सोलत होता आणि त्याचं लक्ष नकाशाकडे नव्हतं. नकाशा तिच्यापुढे जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. युरोपातल्या त्या जुन्या शहराचा, टूरच्या ऑफिसातून मिळालेला. नदी निळी, किल्ला तपकिरी, आणि हॉटेलाभोवती तिथल्या मुलीनं लाल पेनानं काढलेला गोल. किल्ल्याकडे जाणारा रस्ता केवढा वळसा घेतो ते ती बोटानं बघत होती. आपले गुडघे यात टिकतील का याचा तिला अंदाज येत नव्हता. "एवढं चढायला मला नाही जमायचं," इतकंच ती म्हणाली होती. त्यावर त्यानं ते पायऱ्यांचं सांगितलं. "सव्वाशे वगैरे असतील. मध्ये एक बाक आहे, तिथे बसायचं थोडं," असंही म्हणाला, आणि एक फोड तोंडात टाकली.

तिनं नकाशात पाहिलं. बाजाराच्या मागे नुसता करडा पट्टा होता, डोंगराचा कडा असावा, आणि त्यावर काहीच काढलेलं नव्हतं. "इथे तर नाहीत," ती म्हणाली. संत्र्यावरचा त्याचा अंगठा थांबला. फार नाही, एखादा श्वास घेण्याइतका. "व्हिडिओत बघितलं असेल," तो म्हणाला आणि उठून बशी ओट्यावर ठेवून आला. बशीत अजून अर्धं संत्रं शिल्लक होतं. 'असेल' हा शब्द तिच्या कानात राहिला. स्वतः बघितलेल्या गोष्टीला माणूस 'असेल' कशाला म्हणेल? शिवाय व्हिडिओत बाक दिसतो, पण तो थकल्यावर नेमका लागतो हे व्हिडिओत कसं दिसेल? तिनं नकाशाची घडी घातली. घडी जुन्या रेघांवर बसेना, म्हणून तिनं ती तशीच दाबून ठेवली.

ती अठ्ठावीस वर्षं एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवत होती. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, मग त्या पांढऱ्या जबड्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याशी जुळतो का ते शंभरदा उघडझाप करून बघायचं. माणूस कधी डोळ्यांना दिसायचा नाही, पण तिला कळायचं, हा एकाच बाजूनं चावतो, ही बाई सुपारी फोडते, हा ओठ मिटून आतल्या आत दात आवळतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी काहीही लिहिलेलं असो, ती आधी प्लास्टर बघायची. नवऱ्याचाही जबडा तिच्या फडताळात होता, डब्यावर त्याचं नाव न घालता ठेवलेला. त्याला झोपेत दात खायची सवय होती. दर दोन वर्षांनी ती त्याच्यासाठी दातांवर चढवायची पट्टी करायची आणि दोन वर्षांत तो ती कुरतडून पातळ करायचा. "एवढे कुणावर दात खाता हो?" असं ती पूर्वी विचारायची. "पंपांवर," तो म्हणायचा. त्याचा सगळा जन्म पाण्याचे मोठमोठे पंप चालू ठेवण्यात गेला होता, त्यामुळे ते उत्तर पटण्यासारखं होतं.

आता तो निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. आणि एक दिवस जेवताना, जणू भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं, तो म्हणाला होता की आपण युरोपला जाऊ. तिला वाटलं, सगळे जातात तसं, दहा दिवसांत सात देश, बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. तर नाही. एकच शहर. आठ दिवस. कुठेही नेलं तरी हॉटेलच्या खोलीत पेपर वाचत बसणारा हा माणूस. मुलीनं फोनवर आनंदानं होकार दिला, म्हणाली, बाबा सुधारले. तिच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीनं मात्र वेगळंच काढलं. "ताई, निवृत्त झालेला नवरा बायकोला एकाएकी परदेशी नेतो म्हटल्यावर काहीतरी निस्तरायचं असणार बघ. माझ्यानं मला फ्रिज घेऊन दिला होता ना, तेव्हा काय निघालं आठवतं?" दोघी हसल्या होत्या. बहिणीच्या त्या फ्रिजमागे एक प्लॉट निघाला होता, तिच्या नवऱ्यानं आपल्या भावाच्या नावावर परस्पर केलेला.

पायऱ्यांच्या त्या संत्र्यानंतर ते हसणं राहिलं नाही. ती नवऱ्याकडे लक्ष ठेवू लागली आणि लक्ष ठेवल्यावर कुठलाच माणूस सरळ दिसत नाही, तसं त्याचं झालं. टूरवाल्या मुलीनं चौकातलं हॉटेल सुचवलं तर तो म्हणाला, "नको, तिथे घंटेचा फार आवाज." मुलगी म्हणाली, "घंटा आता वाजवत नाहीत काका." तर हा खिडकीबाहेर बघायला लागला. 'आता' वाजवत नाहीत. पुलाचं नाव मुलीला नीट म्हणता येईना, ते त्यानं एका झटक्यात म्हटलं आणि लगेच खोकला. रस्त्यात तिनं विचारलं, "तुम्हाला बरं येतं म्हणायला." तो म्हणाला, "ऐकून ऐकून." कुणाकडून ऐकून? घरात तर ते नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. घरी आल्यावर तो चपला काढून कोपऱ्यात नीट जोडून ठेवत होता, एरवी कधी ठेवायचा नाही, आणि ती दारात उभी राहून त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. तेहतीस वर्षं ज्या पाठीला आपण तेल लावलं, लचक भरली तेव्हा शेकलं, तिचं आपल्याला काय माहीत आहे, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्याची भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता मोबाइल घेऊन बसली. त्या शहराचे अकरा व्हिडिओ तिनं पाहिले. टोप्या घातलेली, चालता चालता बोलणारी तरुण माणसं, पूल, बाजार, किल्ला, पुन्हा पूल. पायऱ्या कुठेच नव्हत्या. नवव्या व्हिडिओतली बाई बाजाराच्या मागच्या भिंतीशी थांबली, तिथे एक गंजलेलं लोखंडी दार होतं, त्याला साखळी. बाई सांगत होती, इथून पूर्वी किल्ल्यावर जायला पायऱ्या होत्या, दरड कोसळली म्हणून बावीस वर्षांपूर्वी बंद केल्या, आता वरती झाडी वाढली आहे. तिनं तो तुकडा तीनदा मागे नेऊन ऐकला. समोर मेणात अर्धे दात बसवलेला कुणाचा तरी जबडा होता. मेण गार झालं, तिला कळलंच नाही.

म्हणजे हा तिथे गेला होता. बावीस वर्षांच्या आधी. आणि देशाबाहेर तो आयुष्यात एकदाच गेला होता, एकतीस वर्षांपूर्वी, पंपांच्या कारखान्यात सहा महिने शिकायला. तो कारखाना शेजारच्या देशात होता. नकाशावर बघितलं तर तिथून ते शहर तिच्या अंगठ्याच्या रुंदीएवढं लांब. पण त्या सहा महिन्यांबद्दल त्यानं नेहमी एकच सांगितलं होतं, वसतिगृह ते कारखाना आणि कारखाना ते वसतिगृह, दुसरं काही बघितलं नाही. संध्याकाळी तो फिरायला गेल्यावर तिनं लोखंडी कपाटातली जुन्या कागदांची फाइल काढली. मोडीत घातलेल्या स्कूटरचे कागद त्यात होते, मुलीची पहिलीची प्रगतिपुस्तकं होती, वीस वर्षांपूर्वीची विजेची बिलं होती. जुना पासपोर्ट तेवढा नव्हता. काहीही न टाकणाऱ्या माणसानं तेवढं एक टाकलं होतं. ती जमिनीवर बसून राहिली आणि त्या शहरातली बाई तिला दिसायला लागली. लांब कोट, मोजे, कानात लहानसं काहीतरी. बाई पायऱ्या चढताना थांबते, बाकावर बसते, हा शेजारी बसतो. बाईला तिनं चेहरा दिला नाही, द्यायचा प्रयत्न केला तरी तो मेणासारखा ओघळून जायचा.

व्हिसाचा फॉर्म त्यानं स्वतः भरला, जाड अक्षरात. तिनं सही करायच्या निमित्तानं त्याचाही वाचला. यापूर्वी या देशात आला होता का, या प्रश्नापुढे 'नाही' होतं. त्या 'नाही'ची शाई इतर शब्दांपेक्षा गडद होती की तिला तसं वाटलं, हे तिनं प्रकाशाकडे धरून बघितलं. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काही नाही, चष्मा बदलायला झालाय," ती म्हणाली. आपणही खोटं बोललो, आणि किती सहज, हे तिच्या लक्षात आलं.

लंबूचा नंबर तिच्याकडे होता. लंबू म्हणजे नवऱ्याबरोबर त्या शिक्षणाला गेलेला इंजिनिअर, मुलीच्या लग्नाला येऊन सगळ्यांना हसवून गेलेला. तिनं प्रयोगशाळेतून फोन लावला, दार लावून घेतलं. "वहिनी, तुम्ही? तब्येत बरी ना त्याची?" लंबूनं आधी तेच विचारलं. ती म्हणाली, सगळं छान आहे, आम्ही फिरायला चाललोय, आणि शहराचं नाव सांगितलं. मग लंबू म्हणाला, "तो म्हणाला जायचं? आपण होऊन?"

"हो. तुम्ही दोघं तेव्हा गेला होता ना, म्हटलं तुम्हाला विचारावं काय काय बघायचं." हे वाक्य तिनं सकाळपासून तोंडात घोळवून ठेवलं होतं.

"सांगितलं वाटतं त्यानं. बरं झालं. मला वाटलं होतं, तो त्या गावाचं नाव काढायचा नाही कधी." लंबूचा आवाज मोकळा झाला. "चौघं गेलो होतो वहिनी. तीन दिवस. काय धमाल केली. तुमचा नवरा त्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर गळा काढून गात होता, तुमचा विश्वास बसायचा नाही. एक फोटो आहे माझ्याकडे. त्याला दोनदा विचारलं, पाठवू का, तर नको म्हणाला. तुम्हाला पाठवतो."

तिनं त्याला कधी गाताना ऐकलं नव्हतं. मुलीला झोपवतानासुद्धा तो नुसता थोपटायचा.

फोटो आला. बाकावर तिघं तरुण. एका टोकाला लंबू, पाय कुठे ठेवावेत ते न कळून पसरलेला, दुसऱ्या टोकाला कुणीतरी जाड चष्म्याचा, आणि मधे तिचा नवरा, मान मागे टाकून हसणारा. तोंड इतकं उघडं की सगळे दात दिसत होते. तिची नजर आधी तिथेच गेली. धारदार, अख्खे, कुठेही न झिजलेले दात. हा जबडा तिनं कधी पाहिला नव्हता. बाई नव्हती. मग फोटो काढणारं कोण, हे मनात येतंय तोच दुसरा फोटो आला, लंबूनं हौसेनं पाठवलेली मागची बाजू. तिच्यावर शहराचं नाव आणि तारीख. अठ्ठावीस.

त्याच महिन्याच्या सत्तावीसला सकाळी तिचा मुलगा जन्मला होता. सातव्या महिन्यात, हातात मावेल एवढा. एकोणतीसला पहाटे गेला. बहीण तेव्हा एकोणीस वर्षांची होती, दवाखान्याच्या समोरच्या फोनच्या दुकानात तासन्‌तास उभी राहून परदेशी फोन लावत होती. भाऊजी खोलीवर नाहीत म्हणतात ताई. आजही नाहीत म्हणतात. वडिलांनी तिला विचारलं होतं, काय करायचं पुढचं, आणि मग न विचारताच केलं होतं. छातीतलं दूध थांबायला बायकांनी कापड घट्ट बांधून दिलं होतं आणि त्या कापडाचा वळ पुढे आठ दिवस अंगावर होता. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. दूरच्या पंपावर पाठवलं होतं, तिथे फोन नव्हता. तिनं तेव्हापासून तो पंप मनात पाहिला होता. चिखल, पाऊस, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून बोल्ट आवळणारा आपला नवरा, ज्याला काही माहीत नाही. त्या चित्राची तिला दया यायची. तो परतला तेव्हा तीच त्याची समजूत घालत होती. त्या दोन दिवसांतलं काहीही तिनं त्याला कधी सांगितलं नाही, कारण त्यानं आधीच पुष्कळ सोसलंय असं तिनं धरलं होतं. मुलगी झाली, मोठी झाली, सासरी गेली, आणि त्या चिखलातला पंप तिच्या डोक्यात चालूच होता.

तीन दिवस ती काही बोलली नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिनं टेबल पुसलं, हात कोरडे केले आणि मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चष्मा लावला. बराच वेळ तो बघत राहिला.

"लंबूनं पाठवला?"

"मी मागितला. मागची बाजूपण आहे, बोटानं सरकवा."

त्यानं सरकवलं नाही. "तारीख माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कोण होती?" तिनं विचारलं. कुणी नव्हतं हे तिला फोटोवरून जवळजवळ कळलं होतं, तरी विचारलं. कुणीतरी असावं असं तिला त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

"अगं, कुणी नव्हतं. आमच्यातल्याच चौथ्यानं काढला तो. कुणी असतं तर निदान..." त्यानं चष्मा काढून ठेवला. "जोडून सुट्टी आली होती. तुला अजून दोन महिने होते. वॉर्डनला सांगायचंसुद्धा सुचलं नाही, उठलो आणि बसमध्ये बसलो. आणि मी मजेत होतो. तीन दिवस. तसा मी आधी कधी नव्हतो आणि नंतरही नाही. परत आलो ते हसतच जिना चढलो. दाराला तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या."

"काय होतं त्यात?"

"पहिलीत, घरी फोन करा. दुसरीत, ताबडतोब करा. तिसरीत तुझ्या वडिलांनी सांगितलेलं वॉर्डननं सगळं लिहून घेतलं होतं, त्याच्या भाषेत. मला ती नीट येत नव्हती. डिक्शनरी घेऊन बसलो. एकेक शब्द काढला."

तिला ते दिसलं. दिसू नये असं वाटत असताना दिसलं, टेबलावरचा दिवा, पानं उलटणारा हात.

"फोन लावला तर तुझे वडील पहिलं वाक्य म्हणाले, कुठे होतात तुम्ही? तोंडातून निघून गेलं, पंपावर होतो. ते म्हणाले, असू दे, नोकरी आहे. असू दे म्हणाले ते. मग कसं फिरवू? पासपोर्ट फाडून टाकला मी. मुलगी झाली त्याच्या आदल्या दिवशी."

"मी तुमचं सांत्वन करत होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते मी. आठवतं?"

"आठवतं."

"आणि आता तिथे कशाला न्यायचं होतं मला?"

"तिथे सांगणार होतो."

"बाकावर बसवून? परक्या गावात, जिथे मला उठून कुठे जाता येणार नाही म्हणून?"

त्यानं काढलेला चष्मा दुमडून ठेवला. मग म्हणाला, "असेल. मी असा विचार केला नव्हता, पण असेल तसं. या घरात तोंड उघडत नव्हतं माझं."

"त्या पायऱ्या बंद आहेत," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली. दार लावून साखळी घातलीय."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यातलं काहीतरी पडलं, आणि ते पडताना बघून तिला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचा राग आला. तेवढ्यात टूरवाल्या मुलीचा फोन आला. मॅडम, तिकिटं आज पक्की करायची आहेत, आज शेवटचा दिवस. नवरा तिच्याकडे बघत होता. काही सुचवत नव्हता, नुसता बघत होता. "करा पक्की," ती म्हणाली. "दोन्ही?" मुलीनं सवयीनं विचारलं. "दोन्ही," ती म्हणाली. आपण माफ केलं म्हणून करतोय की त्याला त्या बंद दारासमोर उभा करायचा म्हणून, हे तिनं स्वतःला विचारून बघितलं आणि कुठल्याच उत्तरावर तिचा विश्वास बसला नाही.

फोन ठेवल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. ठरवलं नव्हतं. "शुक्रवारी सकाळी सहा वाजता माझं पाणी गेलं," असं ती म्हणाली, आणि मग थांबता आलं नाही. काचेची पेटी, तिच्यातला पिवळा दिवा. नखं पूर्ण आलेली होती, तांदळाच्या कणीएवढी. रडायचा नाही, नुसतं तोंड उघडायचा. नर्सनं दुसऱ्या दिवशी तिचं एक बोट आत घालू दिलं होतं आणि त्यानं ते धरलं होतं. मग पहाटेचं. मग वडील पायऱ्यांवरून उतरले ते, हातात पांढरं गाठोडं. मध्येच तिला वाटलं, हा हात तोंडावर घेईल, घेतला तर मी बोलायची थांबेन. त्यानं घेतला नाही. दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवून तो ऐकत होता, आणि खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर उतरलं तरी त्यानं जागा बदलली नाही.

सगळं संपल्यावर त्यानं विचारलं, "कुणासारखा होता?"

एकतीस वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विसर म्हटलं होतं. उत्तर तर तिच्याजवळ कधीचं तयार होतं, आपल्या वडिलांसारखा, कपाळ तसंच. ती ते सांगायला गेली आणि काचेतला तो चेहरा आठवू लागली, तर तिथे फोटोतला हसणारा मुलगा आला. मान मागे टाकलेला. तो आत्ताच तिथे घुसला, की पहिल्यापासून तिथे होता आणि तिनं ओळखला नव्हता? तिनं डोळे मिटून पुन्हा बघितलं. नवऱ्याच्या खोटेपणावर तिनं आठवडाभर संशय घेतला होता, स्वतःच्या डोळ्यांवर कधी घेतला नव्हता. समोर तो उत्तरासाठी थांबला होता.

"तुमच्यासारखा," ती म्हणाली.

"हनुवटी?"

"हनुवटीपण," ती म्हणाली, आणि आपण खरं बोलतोय की नाही हे तिला सांगता आलं नसतं.